मानमोडी आठवणारे एकवीस जण

एकोणीसशे साठच्या दशकात मी नागपूरला एका तुरुंगाच्या कचेरीत कारकून होतो. तो तुरुंग आता तिथे नाही, त्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. एका हिवाळ्यात फ्लूच्या साथीत तिथे सहा म्हातारे कैदी गेले, पण कागदावर त्या सहांपैकी एकही म्हातारा नव्हता. हे माझ्या हातून झालं. माझं आजचं वय त्या सहाही जणांच्या पुढे गेलं आहे, आणि ज्याला मी शब्द दिला होता तो माणूसही आता नाही. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

लिहायला बसलो की स्वतःआधी मला आठवतो तो मुकादम. मुकादम म्हणजे कैदीच. लांब शिक्षेच्या, वागणुकीने बऱ्या कैद्यांना बराकीची देखरेख देत आणि ओळखीसाठी कमरेला पट्टा देत. हा नरखेड तालुक्यातला, घरची संत्र्याची बाग. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्याने चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. कोर्टात पहिल्याच दिवशी उभं राहून त्याने सांगून टाकलं होतं की मीच मारलं. वकिलाने कपाळावर हात मारून घेतला, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

तो माझ्या वडलांच्या वयाचा होता, पण मी त्याला अरे-तुरे करायचो. तुरुंगात तसंच चालायचं. तो मला बाबूजी म्हणायचा.

त्याच्याकडे सात नंबरची बराक होती. जन्मठेपेचे जुने कैदी सगळे तिथेच. बागेत झाडं पाहत फिरावं तसा तो रोज सकाळी माणसांमधून फिरायचा. एखाद्याचा हात हातात घेऊन नखं बघायचा, एखाद्याला जीभ काढायला लावायचा. "ह्याचं पाणी कमी झालं, ह्याले दोन दिवस खड्डे खोदाले धाडू नका," असं शिपायाला सांगायचा, आणि शिपाई ऐकायचेही. कारण तो म्हणेल तो माणूस आठवडाभरात आजारी पडायचा, हे त्यांनी पाहिलं होतं.

आता माझ्या कामाबद्दल. प्रत्येक कैद्याचं एक तिकीट असे. पुठ्ठ्याचं, त्यावर गुन्हा, शिक्षा, उंची, अंगावरच्या खुणा आणि वय. हे वय म्हणजे तो आत आला त्या दिवशीचं, तेही बहुतेकदा पोलिसांनी तोंडाकडे बघून लिहिलेलं. पुठ्ठा जुना होऊन फाटला की कारकून नवं तिकीट करायचा, जुन्यावर जे असेल ते नव्यावर उतरवायचा. उंची तीच, खुणा त्याच, गुन्हा तोच. वयही तेच. अशा रीतीने पंचेचाळिसाव्या वर्षी आत आलेला माणूस पंधरा वर्षांनीही पंचेचाळीसच राही.

साथीच्या दोन वर्षं आधी वरून एक परिपत्रक आलं होतं की सगळी तिकिटं नव्याने करावीत. त्यात खालच्या बाजूला एक ओळ होती : वय चालू तारखेचे लिहावे. ती ओळ मी वाचली होती. नजरेतून सुटली असं म्हणायची सोय नाही. पण शेकडो तिकिटं, प्रत्येकाची शिक्षेची तारीख काढायची, वर्षं मिळवायची, शंका आली तर माणसाला बोलावून विचारायचं, याचा मला कंटाळा आला. मी जुनी वयं तशीच उतरवली आणि खाली "तपासून बरोबर" लिहून सही केली. तेव्हा त्यात काही बिघडेल असं वाटलं नाही. कैद्याचं वय कोणाला लागतं?

मग त्या हिवाळ्यात फ्लू आला. साऱ्या जगात फिरत फिरत आला होता, असं लोक म्हणत. इतवारीत, महालात, धंतोलीत घराघरात माणसं अंथरुणाला खिळली. सीताबर्डीच्या दुकानांवर दुपारीही गर्दी नव्हती. माझे वडील त्याच आठवड्यात तापाने पडले. अडुसष्ट वर्षांचे, त्यात दम्याचा त्रास. बायको म्हणाली, "मामंजींची खाट पुढच्या ओसरीवर टाका, तिथं ऊन येते. अन् त्यांचा पेला, ताट वेगळं ठेवा, पोरांचा हात नको लागायला." मी सकाळी स्वतः खाट हलवली. पेल्याला ओळखायला लाल दोरा बांधला. मऊ भात, ताक, ऊन, दार उघडं. दहा दिवसांत वडील उठून बसले आणि भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरायला लागले. आमच्या गल्लीत त्या साथीत आठ-नऊ म्हातारे पडले असतील. त्यांतली एक आजी गेली, बाकी सगळे उठले.

तुरुंगात सात नंबर बराकीत माणसं हातभर अंतरावर झोपत. एकाचा खोकला दुसऱ्याच्या घोंगडीवर. पाण्याचा माठ एक, त्यावरचा मग एक. खिडक्या उंच, ऊन भिंतीवरच अडकायचं. शिवाय आतला माणूस लवकर पिकतो. आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, "इथला पन्नाशीचा माणूस मी बाहेरचा साठीचा समजूनच तपासतो." साथ तुरुंगात शिरल्यावर ते तातडीने आले आणि म्हणाले, "साठीच्या वरचे जेवढे असतील तेवढे आजच बराकीतून काढा. सतरंज्या विणायची शेड रिकामी करा, लांब लांब झोपवा, दूध द्या. यादी कचेरीने करावी." एवढं सांगून ते दुसऱ्या दवाखान्याकडे गेले, कारण तोही त्यांच्याकडेच होता.

मी रजिस्टर उघडलं आणि अर्ध्या तासात यादी केली. चार नावं निघाली. चौघेही अलीकडेच आत आलेले होते, त्यामुळे त्यांची वयं बरीचशी खरी होती. सात नंबर बराकीतला एकही नव्हता.

दुपारी मुकादम कचेरीच्या दारात आला. मागे अंगणात माणसांची रांग बसली होती. काही घोंगड्या पांघरून, एक जण दुसऱ्याच्या खांद्याला टेकून.

"बाबूजी, यादीत चारच नावं हायेत म्हणते शिपाई."

"रजिस्टरप्रमाणे चारच आहेत."

"मंग हे कोण होय?" त्याने मागे हात केला. "एकवीस हायेत. मोजून आणले."

"ह्यांची वयं तिकिटावर बघ ना. एक्केचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास. साठीचा एकही नाही."

"तिकीट म्हातारं होत नाही, बाबूजी. माणूस होते."

रांगेतला एक बोळका म्हातारा, हिंगण्याकडचा सुतार, तेवढ्यात ओरडला, "कागदावर मी जवानच हावो बाबूजी! मंग माह्यं एक लगन तरी लावून द्या." सगळी रांग हसली आणि हसता हसता खोकायला लागली. तो खोकला थांबायला बराच वेळ लागला.

मी विचारलं, "साठीचे आहेत हे तू कशावरून म्हणतोस? ह्यांना स्वतःला तरी जन्मसाल ठाऊक आहे का?"

"नाही ना. म्हणून मी साल विचारलंच नाही. मानमोडी विचारली."

मानमोडी म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची ती मोठी तापाची साथ. आमच्या लहानपणी घरोघरी तिच्या गोष्टी होत्या. मुकादमाने काय केलं होतं, तर सकाळपासून बराकीत एकेकापुढे बसून एकच प्रश्न विचारला होता : मानमोडी आली तवा तू केवढा होता? ज्याला काहीच आठवत नाही तो बाजूला. ज्याला फक्त आईच्या कडेवर असल्याचं आठवतं तोही बाजूला. ज्याने त्या साथीत काही काम केलं होतं, तो यादीत.

"हा पाहा," तो एकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्यानं बापाच्या मयतीले खांदा देल्ला. खांदा पुरला म्हंजे दहा-बारा वर्षांचा तं असनच ना? त्याले आता पन्नास वर्षं झाली. हा कापसाचा गाडा घेऊन एकटा कळमेश्वरले गेला होता, घरात दुसरं कोणी उठत नव्हतं म्हणून. पोट्ट्याच्या हाती कोणी गाडा देते का? अन् हा सुतार, ह्यानं तिरड्या बांधल्या. सांगा बरं, ह्यांतला साठीच्या आत कोण बसते?"

मी कचेरीत अनेक साहेब पाहिले. कित्येकांच्या हाताखाली काम केलं. एखादी गोष्ट खरी कशी ठरवावी हे इतक्या सरळपणे करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याच्याजवळ ना जन्माचा दाखला होता, ना रजिस्टर. तरी सकाळच्या चार तासांत त्याने ते काम केलं, जे मी दोन वर्षांपूर्वी सही करून टाळलं होतं.

आणि मला ते त्याच क्षणी कळलं. एकवीस वयं चुकीची आहेत हे मान्य केलं की पुढचा प्रश्न येणार होता, तिकिटं कोणी केली? खाली सही कोणाची? मला त्या वर्षी बढती मिळायची होती.

मी म्हणालो, "रजिस्टरच्या बाहेर मला जाता येत नाही. डॉक्टरसाहेब आले की बघू."

"कवा येतीन?"

"येतील उद्या-परवा."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, नखं बघायचा तसाच. मग मागे वळून म्हणाला, "चला गा, उठा. ऊन हाय तवर भिंतीजवळ बसू." आणि ती रांग परत गेली. त्या दिवशी सकाळीच मी वडलांच्या पेल्याला लाल दोरा बांधून आलो होतो.

डॉक्टरसाहेब स्वतःच तापाने पडले आणि चौथ्या दिवशी आले. मधल्या तीन दिवसांत सात नंबर बराकीतले पाच जण गेले. पाचही जण त्या रांगेत बसलेले. शेडमध्ये हलवले असते तर पाचही वाचले असते असं मी म्हणत नाही. दोघांना आधीच ताप भरला होता. पण बाकीचे तिघे तरीही गेलेच असते, असं मला म्हणता येत नाही.

डॉक्टरसाहेब आले तेव्हा मुकादम थेट त्यांच्यापुढे गेला. मी शेजारीच फायली घेऊन उभा होतो. आता हा माझं नाव घेणार, असं वाटून मी हातातल्या फायली उगाच सारख्या करायला लागलो. त्याने मानमोडीचा हिशेब सांगितला. साहेबांनी मिनिटभर ऐकलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मग यादी चारच जणांची कशी झाली?"

मी काही बोलायच्या आत मुकादम म्हणाला, "साहेब, बाबूजींनं कागद पाहून केली. कागद बरोबर हाय. माणसंच जास्त जगली."

साहेब हसले नाहीत, पण पुढे काही विचारलंही नाही. तासाभरात सोळा जणांना शेडमध्ये हलवलं.

जाताना साहेबांनी मुकादमाला विचारलं, "आणि तू केवढा होतास मानमोडीत?"

"मी कुठला साहेब! मी तं जवान हावो. माह्यं तिकीट पाहा ना, सत्तेचाळीस."

त्यानंतरचे पंधरा दिवस त्या शेडमध्ये जे चाललं ते मी रोज दारातून पाहायचो. आत जायचं धैर्य नव्हतं. त्याने माग बाजूला सारले आणि दोन अंथरुणांच्या मध्ये अर्धवट विणलेल्या सतरंज्या दोरीवर टांगल्या. प्रत्येकाला वेगळा मग मिळवला. कोणाचा मग कोणता हे कळावं म्हणून त्याने मागावरचं रंगीत सूत तोडून सोळा मगांना सोळा तऱ्हांनी बांधलं. लाल दोऱ्याबद्दल मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला ते आपलं आपणच सुचलं होतं. दुपारी ज्यांना चालता येई त्यांना तो तुरुंगाच्या भाजीच्या वाफ्याजवळ उन्हात नेऊन बसवायचा. ज्यांना येत नसे त्यांना पाठीवर घ्यायचा. स्वयंपाकघरातल्या कैद्यांशी भांडून ज्वारीची पातळ आंबील करून घ्यायचा आणि चमच्याने पाजायचा. जो तोंड फिरवेल त्याला म्हणायचा, "पी गा. मानमोडीनं नाही नेलं तुले, आता हे काय नेते!"

एकदा त्याने त्या सुताराला विचारलं, "तिरड्या बांधता येतात ना तुले अजून?"

"येतात ना. काहून?"

"माह्यी बांधजो. पण आंगात जोर आल्यावर. आता ढिली बांधशीन, रस्त्यात पडून जाईन मी."

सुतार इतका हसला की त्याने आंबील सांडली. तो सुतार जगला. सोळातला एकच गेला, मुकादमाच्या मांडीवर डोकं ठेवून. बाकी पंधरा उठले. मुकादमाला स्वतःला मध्ये चार दिवस ताप होता, तो त्याने कोणालाच सांगितला नाही. एका शिपायाला तेवढं कळलं, तेही अंगाला अंग लागलं म्हणून.

साथ ओसरल्यावर वरून पत्र आलं : तुरुंगातले मृत्यू वयासह कळवावेत, वृद्ध कैद्यांना बाहेरच्या लोकांपेक्षा जास्त धोका होता काय, यावर अभिप्राय द्यावा. डॉक्टरसाहेबांची तोवर बदली झाली होती. मसुदा मलाच करायचा होता.

हे कुठून तरी मुकादमाच्या कानावर गेलं. तो कचेरीत आला, दारातच बसला. एवढंच म्हणाला, "बाबूजी, मेलेल्यांची वयं खरी लिहा. त्यांच्यासाठी नाही म्हणून राहिलो. ते गेले. पुढच्या साथीत कोणी तुमचा हाच कागद काढन, अन् त्यात म्हातारं कोणीच मेलं नाही असं दिसलं, तं म्हाताऱ्यांले कोण काढन बराकीतून?"

मी म्हणालो, "लिहितो."

मी सहा जणांची तिकिटावरची वयं लिहिली. साठीच्या वरचे कैदी चार, त्यांतले मृत्यू शून्य. अभिप्रायाच्या जागी लिहिलं की वृद्ध कैद्यांना शहरातील वृद्धांपेक्षा अधिक धोका आढळला नाही. त्या वाक्यात चूक काढता येणार नाही, कारण रजिस्टर त्याच्या पाठीशी होतं. तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी सही केली, कागद गेला. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. तो कागद पुढे कोणी उघडला की नाही, मला माहीत नाही. उघडला असेल तर काय झालं असेल, याचा विचार मी फार वर्षं केला आहे.

मुकादम त्यानंतर तीन-चार वर्षांनी सुटला. ऐंशीच्या सुमाराला मी दुसऱ्या खात्यात होतो, तेव्हा कामानिमित्त नरखेडच्या बाजूला जाणं झालं. एसटीतून उतरल्यावर त्याचं गाव विचारलं तर दोन कोसांवर निघालं. वाट वाकडी करायची गरज नव्हती. तरी गेलो.

तो बागेत खाटेवर बसला होता, विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकत. डोळे अधू झाले होते. मला ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर उठायला लागला, तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही बसा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तुम्ही म्हणालो. तिथून पुढे मनातही तुम्हीच राहिलं.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. नातसुनेने चहा आणला. मग त्यांनी विचारलं, "लिहिली का मंग, बाबूजी?"

काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

"लिहिली," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो आजही बघवत नाही. नातसुनेला हाक मारून म्हणाले, "पाहा वं, हे ते बाबूजी. सरकारी माणूस हाय, पण आमच्या मेलेल्या माणसांची वयं खरी लिहिली ह्यांनं. बसव ह्यांले जेवाले." मग माझ्याकडे वळून, "तुमाले तवा जड गेलं असन. मले समजलं होतं. नोकरीचं काम होय ते." म्हणजे तिकिटांचं त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवशी दारातून माझ्याकडे बघितलं तेव्हाच कळलं असावं. तरी साहेबांपुढे त्यांनी मला झाकलं, आणि त्या बदल्यात माझ्याकडून फक्त एक कागद खरा मागितला.

निघताना त्यांनी पिशवीभर संत्री दिली. मी घेतली. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि घरी जाऊन वडलांच्या पुढे ठेवली. दोनेक वर्षांनी मुकादम गेल्याचं कळलं.

तेव्हा आता लिहितो. बापाला खांदा देणारा, तिकिटावर अठ्ठेचाळीस, खरं वय चौसष्ट. कापसाचा गाडा हाकणारा, तिकिटावर पन्नास, खरं सदुसष्ट, कारण मानमोडीत त्याच्या ओठावर मिसरूड होतं, असं तो म्हणाला होता. सतरंज्या विणणारे दोघे भाऊ, दोघांच्याही तिकिटावर एक्केचाळीस, थोरला त्रेसष्ट, धाकटा एकसष्ट. आंधळा झालेला कोष्टी, ज्याने त्या साथीत स्वतःची बायको पोचवली होती, तिकिटावर पंचावन्न, खरं सत्तरीच्या पुढे. शेडमध्ये मुकादमाच्या मांडीवर गेलेला, तिकिटावर शेहेचाळीस, खरं बासष्ट. सहाही म्हातारे होते. त्याच शहरात, त्याच आठवड्यात, ओसरीवर वेगळी खाट आणि वेगळा पेला मिळालेले माझे वडील त्या सहांतल्या पाच जणांपेक्षा वयाने मोठे होते, आणि ते जगले.

आणि मुकादम. तिकिटावर सत्तेचाळीस. त्या दिवशी खाटेवर बसून मी त्यांना विचारलं होतं की मानमोडीत तुम्ही केवढे होतात. ते म्हणाले, "चौदा-पंधराचा. गावात खांदेकरी उरले नव्हते. आमच्या वस्तीतली सारी मयतं माह्याच बैलगाडीतून गेली." म्हणजे साथीच्या वर्षी ते पासष्टीला टेकले होते, आणि शेडमध्ये ज्यांना पाठीवर घेऊन उन्हात नेत होते, त्यांतल्या बहुतेकांहून मोठे होते. त्यांनी आणलेल्या यादीत एकवीस जण होते. बावीस हवे होते.